पहिल्या पातळीचा राक्षस

आमच्या खेळात राक्षस व्हायचं असेल, तर पहिल्या पातळीवर फक्त बदनामी मिळते. नखं नाहीत, सुळे नाहीत, अंधारात दिसत नाही. गावात पाऊल टाकलं की लोक दारं लावून घेतात आणि पोरांना आत ओढतात, एवढंच. ताकद पुढच्या पातळ्यांवर थोडी थोडी येते. हा नियम मी केला आहे आणि तो चांगला आहे.

खेळ कसला ते आधी सांगतो, कारण आमच्या कोल्हापूरच्या कसबा बावड्यात तो अजून कुणालाही एका दमात समजलेला नाही. चटईवर काही माणसं बसतात. मधे कागदावर काढलेला नकाशा असतो. एकजण गोष्ट चालवतो. डोंगर, नदी, गावचा पाटील, पाटलाचं कुत्रं, सगळं तोच. बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि आपण आता काय करणार ते सांगतात. ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. फाशाला वीस बाजू असतात. सोंगट्या नाहीत, घरं नाहीत, शेवटी कुणी जिंकत नाही. हे शेवटचं ऐकून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा खेळच नव्हे असा निकाल दिला होता. आप्पा साखर कारखान्यातून निवृत्त झालेत आणि त्यांचे निकाल सहसा बदलत नाहीत.

गोष्ट चालवणारा मी. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, लोखंड ओततात तिथे, मी प्लॅनिंगला आहे. कुठला माल कधी ओतायचा हे मी ठरवतो आणि तो तेव्हा ओतला जात नाही. रविवारी दुपारी मात्र मी पाऊस म्हटलं की पाऊस पडतो. माणसाला आठवड्यातून एकदा तरी असं काही लागतं.

सुरुवातीला आम्ही इंग्रजी पुस्तकातल्यासारखं खेळायचो. योद्धा, जादूगार, चोर असे वर्ग असतात, त्यातला एक निवडायचा. गोष्ट दारूच्या गुत्त्यात सुरू होते. माझे खेळाडू गुत्त्यात शिरले आणि त्यांनी चहा सांगितला. पुढे बराच वेळ काही घडलंच नाही. मग पुस्तकात मागच्या बाजूला मला ती सोय सापडली, की ज्यांच्याशी लढायचं ते राक्षसच एक वर्ग म्हणून घेता येतात. फक्त सुरुवात दुबळी करायची, म्हणजे बाकीच्यांवर अन्याय होत नाही. हे वाचून दाखवल्यावर योद्धा व्हायला कुणीच तयार होईना. पुस्तकातले राक्षस बर्फातले होते. ते मी काढून टाकले आणि आपले घातले.

खेळाडू दोन, दोघेही शाळेपासूनचे मित्र. पहिला पंप आणि पाइपचं दुकान चालवतो. घरची उसाची शेती आहे, घर जैन, अंगाने काडी. त्याने राक्षस घेतला. अडचण पहिल्याच दिवशी आली.

"राक्षसाला रोज माणूस खावा लागतो," मी नियम वाचला. "न्हाईतर ताकद जाती."

"मी खाणार न्हाय."

"लेका, राक्षस हायस तू."

"असंन. पन मारायचं न्हाय आमच्यात."

"मग बकरं खा."

"त्ये बी मारायचंच की."

"बरं, कंदमुळं खा. जंगलात तर ऱ्हातोस."

त्याने माझ्याकडे जरा दुःखाने पाहिलं. "जमिनीखालचं बी चालत न्हाय," तो म्हणाला.

शेवटी राक्षस प्रत्येक गावाकडून गाडाभर ज्वारी मागून घेतो असं ठरलं. तीही निवडलेली, आणि दिवस मावळायच्या आत. ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत राक्षसाचं बळ अंधार पडल्यावर वाढतं. आमचा राक्षस अंधार पडल्यावर पाणीसुद्धा घेत नसे. त्यामुळे आमच्या सगळ्या लढाया भर उन्हात झाल्या.

दुसऱ्या मित्राचा म्हशींचा गोठा आहे. त्याचं लग्न बरीच वर्षं जमत नव्हतं. पोरगी बघायला गेला की मुलीकडचे आधी शेणाचं कोण बघतं ते विचारायचे. त्याने मुंजा घेतला. मुंजाला पिंपळ सोडून जाता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून पिंपळाची फांदी कुंडीत लावून ती कुंडी राक्षसाने डोक्यावर घ्यायची आणि मुंजाने तिच्या सावलीत चालायचं, अशी वाट काढली. पहिल्या लढाईत शत्रू समोर उभा असताना दोघांनी कुंडी कुठे ठेवायची यावर चर्चा केली.

त्याहून वाईट खोड म्हणजे, हे दोघे कुणावरही हल्ला करण्याआधी त्याला जेवलास का असं विचारायचे. डाकू आला, जेवलासा का पावणं. अजगर आला, त्यालाही. मग त्याला वाढायचं, त्याची गाऱ्हाणी ऐकायची, आणि हात धुऊन झाल्यावर त्याला मारायला उठायचं. हे मला बघवेना. मी चिडून नवा नियम केला: ज्याने तुमच्याकडे घास खाल्ला, त्याच्यावर तुम्ही दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत हात उचलायचा नाही, आणि त्याने तुमच्यावर उचलायचा नाही. वाटलं, आता तरी वाढायचं थांबवतील. त्याच रविवारी त्यांनी पाटलाच्या अख्ख्या फौजेला जेवू घातलं आणि किल्ल्याच्या दारात सकाळ व्हायची वाट बघत बसले.

खेळ आमच्या घरी, हॉलमधे चालायचा आणि दिवेलागणीला संपायचा, कारण मुंजाला म्हशींच्या धारा काढायच्या असत आणि राक्षसाला त्याआधी जेवायचं असे. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, वाटेत रविवारची गर्दी. तो घरी पोचेपर्यंत दिवस मावळणार आणि पोरगं उपाशी झोपणार, हे आईच्या एकदा ध्यानात आलं. तेव्हापासून तो दर रविवारी आमच्याकडेच जेवतो. त्याच्यासाठी रविवारचा स्वयंपाक कांदा-लसणाशिवाय होऊ लागला. रविवारी मटण न शिजणारं असं आमच्या गल्लीत आमचंच घर असावं. आप्पांनी हे दुःख शनिवारी मटण खाऊन सोसलं.

अशात ताई परत आली.

ताई माझी मोठी बहीण. लग्नाआधी तीही एमआयडीसीतच, दुसऱ्या एका कारखान्याच्या लॅबमधे होती. साच्याची वाळू तपासायची. सासर नृसिंहवाडीच्या पलीकडचं. लग्नानंतर नोकरी चालू ठेवायची असं बोलण्यात ठरलं होतं आणि ती चालूही होती. पहिल्या पाळीसाठी ताई झुंजूमुंजू असताना घर सोडायची आणि दुपार कलल्यावर बसने परत पोचायची. पोचल्यावर तिला भूक लागलेली असायची, म्हणून ती हातपाय धुऊन जेवायला बसायची. घरातली पुरुषमाणसं शेतातून त्याच्यानंतर येत. म्हणजे ती पुरुषांच्या आधी जेवायची. तिच्यावरचा आरोप एवढाच होता. बाकी जे काही पुढे जोडलं गेलं, उलट बोलते, मोठ्यानं हसते, ते सगळं याच्याभोवतीचं कोंदण.

सासूबाईंनी पहिल्यांदा नाक मुरडलं, मग शेजारी सांगितलं, मग गल्लीत "आमच्याकडं हडळ आणलीया, दारात पाय टाकला की खायाला मागती" असं म्हणायला लागल्या. एका दुपारी ताई ताट घेऊन बसली तेव्हा त्यांनी भाकरीची दुरडी उचलली आणि फळीवर ठेवून दिली. फळी काही फार उंच नव्हती. ताईचा हात सहज पोचला असता. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, समोरच बसून मोबाईल बघत होते. ताई म्हणाली की ती उठली, दुरडीकडे एकदा बघितलं, मग तिने ताट धुऊन पालथं घातलं, पर्स घेतली आणि येणाऱ्या बसमधे बसली. आमच्याकडे येऊन तिने पहिलं काय केलं असेल, तर ती जेवली नाही.

त्यानंतर ताई सगळ्यांच्या शेवटी जेवायला लागली. स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून, कुणी आलं तर ताट झाकायची. लहानपणी माझ्या ताटातली पोळी पळवणारी बाई ही. मला त्याचा फार राग यायचा आणि कुणावर काढायचा ते कळायचं नाही. मी फौंड्रीत लोकांवर काढायचो.

आप्पांचं निराळंच चाललं होतं. त्यांना ताईची माया होती, पण त्यांना नावाची काळजी जास्त, असं तेव्हा मला वाटायचं. सकाळी दूध आणायला जाताना लोक विचारायचे, "पोरगी कवा जानार?" म्हणून ते शेताच्या अंगाने लांबच्या वाटेने जायला लागले. कारखान्यातल्या जुन्या मंडळींबरोबर चहाला बसायचे, ते बंद झालं. घरी आले की ताईला म्हणायचे, "थोडं दिवस जाऊन बघ की. काय खायाला उठत्यात व्हय?" ताई उठून आत जायची. शब्द त्यांनी चुकून नेमका निवडला होता, हे त्यांना कळलंही नाही.

एका रविवारी ताई हॉलमधून जाताना चटईपाशी थांबली आणि म्हणाली, "मला बी घ्या की."

"काय होणार?" मी विचारलं. "राक्षस हाय, मुंजा हाय, वेताळ शिल्लक हाय."

"हडळ हाय का?"

मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं. घरात काय झालं ते त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, हाय.

"पहिल्या पातळीला काय मिळतं?"

"बदनामी."

"आनि?"

"एवढंच. ताकद नंतर."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली आणि मांडी घालून बसली.

हडळीला खायला काय लागतं, हे मी अजून ठरवलं नव्हतं. ताईने भाकरी सांगितली. हडळ भाकरी खात नाही असं मी म्हणून पाहिलं. "ही खाती," ती म्हणाली. राक्षसाने ज्वारीचा पायंडा आधीच पाडून ठेवला होता, मी भाकरी लिहून घेतली.

ताई खेळायची मात्र वाईट. गोष्टीत गाव आलं की तिची हडळ गावात शिरायचीच नाही. बाहेरून, शेतातून, ओढ्याच्या अंगाने जायची आणि पलीकडे जाऊन बाकीच्यांची वाट बघत बसायची. "अगं, लोक फार तर दारं लावतील," मी म्हणायचो. "लावू देत की. मी हिकडनं जातो," ती म्हणायची. (कोल्हापुरात बाई स्वतःबद्दल बोलताना जातो-येतोच म्हणते. पुण्याच्या लोकांनी त्यावर चर्चा करू नये.)

तर, ताईला न्यायला सासरचे पावणं आले ते अशाच एका रविवारी, खेळ चालू असताना. येणार हे ठाऊक होतं, पण ते त्याच्या पुढच्या रविवारी. त्या दिवशी त्यांच्या उसाला कारखान्याची तोड लागली, म्हणून आधीच आले. आले ते तिघे: दाजी, सासूबाई आणि दाजींचे मामा. मामा बोलणारे. गावोगावची मोडलेली लग्नं जोडण्यात त्यांचं नाव होतं. माणूस उंचापुरा, आवाज देवळात माइकशिवाय पुरेल असा.

आईने तांब्या-पेला पुढे केला. मामांनी हात आडवा धरला.

"पानी मागनं. आधी बोलनं."

याचा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. बोलणं त्यांच्या मनासारखं झालं, पोरगी बरोबर निघाली, तर पाणी, चहा, जेवण सगळं घेणार. नाही झालं तर तसेच उठणार. पावणं पाणी न घेता दारातून उठून गेले, ही बातमी ते घरी पोचण्याआधी त्यांच्या गावात पोचते, आणि आमच्याही. आप्पांचा चेहरा तिथेच उतरला. कुणी काही बोलण्याआधीच ते अर्धे हरले होते.

मित्र उठायला लागले. आईने डोळ्यांनीच त्यांना खाली बसवलं. बोलण्याच्या वेळी आपल्या बाजूची चार माणसं दिसावी लागतात, आणि आमचे काका त्या दिवशी गावाला गेले होते. अशा रीतीने एक राक्षस आणि एक मुंजा आमच्या बाजूची जाणती मंडळी म्हणून बसले. नकाशा चटईवर तसाच होता. मामांनी त्याच्याकडे बघितलं. "जमिनीचं काय हाय का?" त्यांनी आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, "न्हाय, पोरं खेळत्यात." पोरं तिशी ओलांडलेली होती.

मामा बोलायला लागले. वाईट बोलत नव्हते, हे सांगायला हवं. पोरगी गुणी आहे, नोकरी करते याचाही अभिमान आहे, पण रीत म्हणून काही असते. माणसं रानातनं दमून येणार आणि घरची सून जेवून मोकळी झालेली, हे कसं दिसतं? सासूबाई मधेच म्हणाल्या, "गल्लीत नाव झालंय आमचं." ते नाव त्यांनी स्वतः केलं होतं. दाजी स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होते. ताई भिंतीला टेकून उभी होती. आणि आप्पा मान खाली घालून, "व्हय, व्हय, तुमचं बी बरोबर हाय," असं म्हणत होते. आणखी थोडं असंच चाललं असतं तर ते "घिऊन जावा" म्हणणार होते, आणि ताई गेली असती. आप्पांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

बोलणं लांबलं. खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसते. ऊन तिच्या मागे उतरलं. राक्षसाने एकदा खिडकीकडे पाहिलं आणि मान फिरवली. आईने ते बघितलं. ती आत गेली आणि त्याचं ताट घेऊन आली: भाकरी, अख्खा मसूर, दोडक्याची भाजी, दही.

"काकू, असू दे. पावणं बसल्यात," तो पुटपुटला.

"दिवस मावळाय लागलाय. तू जेव." मग आई मामांकडे वळून म्हणाली, "त्यांच्यात दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत, दादा."

"ठावं हाय की," मामा म्हणाले. "आमची सगळी आळी जैनांचीच. जेवू द्या त्यास्नी."

आता जेवणाऱ्याने समोरच्याला या जेवायला म्हणायचं, आणि समोरच्याने तुमचं चालू दे म्हणायचं, ही पद्धत. राक्षस म्हणाला, "या जेवायला." मामा म्हणाले, "चालू दे तुमचं." इथे हे संपायला हवं होतं. पण राक्षस ताटाला हात लावेना. तो ताटाकडे बघत बसला आणि त्याचे कान लाल झाले.

"पावणं उपाशी बसल्यात आनि मी एकटाच खाऊ?" तो म्हणाला. "न्हाय जमायचं मला. मी बी ऱ्हातो तसाच. सकाळी बघू."

मामा अस्वस्थ झाले. पोरगी न्यायला आलेला माणूस, पण एका जैनाला आपल्यापायी रात्रभर उपाशी ठेवल्याचं पाप घ्यायला तो आलेला नव्हता. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. ऊन चिमणीच्या खाली गेलं होतं. "जेवा हो," ते म्हणाले. राक्षस हलेना. "आरं जेव की लेका!" ते ओरडले. तो मान हलवत राहिला. आईने एवढ्यात मामांच्या पुढ्यात ताट ठेवलं होतं, कधी ते कुणाला दिसलं नाही.

"एक घास," मामा म्हणाले. "ह्या पोरासाठी. बोलनं ऱ्हायलंय अजून."

त्यांनी घास खाल्ला. राक्षसाने खाल्ला. मामांनी दुसरा घास घेतला, कारण दुपारचं न जेवताच ते निघाले होते आणि आईचा मसूर चांगला असतो. आईने दाजींना वाढलं, आप्पांना, मुंजाला, मला वाढलं. मुंजा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सकाळपतोर हात उचलता येत न्हाय आता." मी त्याला गप्प बसायला सांगितलं.

राक्षसाने हे ठरवून केलं की त्याला खरोखरच लाज वाटली, हे मी नंतर पुष्कळदा विचारलं आहे. खरंच लाज वाटली, असंच तो अजून म्हणतो.

पुरुष जेवायला बसले म्हटल्यावर ताई भिंतीपासून निघाली आणि स्वयंपाकघरात गेली. वाढायला गेली असं सगळ्यांना वाटलं. सासूबाईंनी पदर सारखा केला. ताई बाहेर आली ती हातात एक ताट घेऊन. ती माझ्या शेजारी, पंगतीत, मामांच्या बरोबर समोर बसली, भाकरी मोडली आणि खायला लागली.

दाजी पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होते.

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "बघा. ह्येच. आनि समोर बसून!"

मामांचा घास हातातच राहिला. "पोरी, पंगत उठू द्यायची हुतीस," ते म्हणाले, आवाज मात्र खाली आला होता. भरल्या ताटावरून मोठ्याने बोलता येत नाही.

"भूक लागल्या," ताई म्हणाली. "तितं बी भूक लागलीती म्हणून जेवलो. नाव ठेवलासा. ठेवा. पन मी ताट झाकून न्हाय जेवणार आता."

मला तिच्याकडे बघवेना. मी आप्पांकडे बघितलं. आता ते काय म्हणतात यावर सगळं होतं, आणि हे त्यांनाही कळत होतं, कारण ते एकदा मामांकडे आणि एकदा दाराकडे बघत होते. त्यांच्या शेजारी भाकरीची दुरडी होती. आमच्याकडे पावण्याला आग्रह करायचं काम आप्पांचं; पावण्याच्या ताटात पहिली वाढीव भाकरी त्यांच्या हातची पडते. त्यांनी दुरडीतून भाकरी उचलली. मामांनी रिवाजाप्रमाणे ताटावर हात आडवा धरला.

आप्पांनी हात मामांच्या पुढून नेला आणि भाकरी ताईच्या ताटात ठेवली.

"सावकाश खा," ते म्हणाले. "कोन न्हेत न्हाय." आणि मग मामांना, त्याच सुरात, "पावणं, पोरगी हितंच ऱ्हाईल. तुमी पोटभर जेवा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी नियमांचे कागद उचलले आणि त्यात काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

मामांकडे बोलायला पुष्कळ होतं, पण हातात घास होता. खाल्ल्या ताटावरून उठून जाणारा माणूस ते नव्हते. ते सगळं जेवले, दही मागून घेतलं, मसूर बरा झालाय म्हणाले. शेवटी त्यांनी आईकडे बघून, जरा नाइलाजानेच, पाणी मागितलं. सासूबाईंनी मात्र शेवटपर्यंत काही घेतलं नाही. निघताना दाजींच्या पायाशी फासा घरंगळत गेला होता तो त्यांनी उचलला, उलटासुलटा करून बघितला आणि ताईच्या हातात दिला. "पडलाता," ते म्हणाले. त्या सगळ्या प्रकरणात ते तेवढंच बोलले.

बातमी व्हायची तशी झाली. पाणी घेऊन गेले हे कुणी सांगितलं नाही. बापाने पावण्याच्या तोंडावरनं भाकरी काढून पोरीला वाढली, हे सगळ्यांनी सांगितलं. दूधवाल्यापासून भावकीपर्यंत, सासूबाई म्हणाल्या त्या अर्थाने, आप्पांचं नाव झालं. आप्पा दुसऱ्या दिवशी दूध आणायला नेहमीच्या वाटेने गेले. कुणीतरी "पोरगी कवा जानार?" विचारलं असावं. येताना त्यांच्या चेहऱ्यावर काही विशेष नव्हतं.

पुढच्या रविवारी ताईची हडळ गावातून गेली. भर दुपारी, मधल्या रस्त्याने. मी लोकांना दारं लावायला लावली, कारण नियम तो नियम. ती चालत राहिली आणि वेशीजवळच्या शेवटच्या घरापुढे थांबून तिने भाकरी मागितली. फासा टाकला. मिळाली.

आप्पा सोफ्यावर पेपर वाचत होते. पेपर बराच वेळ त्याच पानावर होता. मग तो घडी करून त्यांनी बाजूला ठेवला, गुडघ्यांवर हात टेकत खाली उतरले आणि चटईच्या कडेला बसले. ताईने त्यांच्यासाठी जागा केली.

"मला बी एक राक्षस द्या," ते म्हणाले.

"वेताळ शिल्लक हाय," मी म्हटलं.

"पहिल्या पातळीला काय मिळतं?"

"बदनामी."

आप्पांनी नकाशा स्वतःकडे ओढला आणि चष्मा लावला.

"ती झाली की," ते म्हणाले. "फुडचं सांग."